कात्रजचे पाणी, हजारी कारंजे

उचगाव फाट्यावर उभे राहून बेळगाव गाठायचे आणि तिथून रात्रीची पुण्याची गाडी धरायची, हा सीमाभागातल्या माणसाचा नेहमीचा रस्ता. कुणी शिक्षणासाठी जातो, कुणी नोकरीसाठी, कुणी लेकीच्या घरी. निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, सातारा अशी एकेक गावे झोपेतच मागे पडतात. पहाटे गाडी कात्रजचा डोंगर उतरते, थंड वाऱ्याचा झोत आत येतो आणि उतारू पिशव्या सावरू लागतात. पुढे सातारा रस्त्याने स्वारगेट. तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर शनिवारवाडा.

अडीचशे वर्षांपूर्वी याच वाटेने आणखी कुणीतरी पुण्यात शिरत होते. ते होते पाणी. कात्रजच्या तळ्यातून निघून जमिनीखालच्या दगडी नळातून उताराउताराने ते शहरात यायचे, हौदांत पडायचे, आणि त्यातला एक वाटा शनिवारवाड्यात जाऊन सोळा पाकळ्यांच्या दगडी कमळातून आकाशाकडे उसळायचा. त्या कमळाचे नाव हजारी कारंजे.

शनिवारवाडा म्हटले की लोकांना नारायणरावाचा खून आठवतो, नाहीतर १८२८ची आग. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या सांगून संपतात तिथे वाड्याचा इतिहास संपत नाही. वाड्यातले लाकूड जळाले, माणसे गेली, राज्य गेले. उरला तो दगड, आणि त्या दगडात पाण्याने आखून ठेवलेली वाट. ती वाट धरून गेले तर वाड्याची हकीकत जास्त नीट कळते.

निपाणीहून जाणाऱ्या माणसाला हे सांगण्यात एक गंमत आहे. गावाच्या नावाची फोड लोक ‘नि-पाणी’, म्हणजे पाणी नसलेले गाव अशी करतात. व्युत्पत्ती पंडितांच्या कसोटीला उतरो वा न उतरो, ती तोंडोतोंडी टिकली यातच त्या माळरानाचा अनुभव आहे. जिथे घागरभर पाण्यासाठी चालावे लागते तिथल्या माणसाला कारंजे ही नुसती शोभेची वस्तू वाटत नाही. पाणी आपण होऊन वर उडते म्हणजे त्यामागे कुणीतरी फार विचार आणि फार पैसा खर्च केला आहे, हे त्याला लगेच उमगते.

वाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी घातला. वार शनिवार. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ला, तोही शनिवारच. खर्चाचा आकडा सांगितला जातो तो १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातून आले, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा. त्या वेळी पुणे म्हणजे मुठेच्या काठावरचा कसबा आणि त्याभोवतीच्या मोजक्या पेठा. पेशव्यांचे बिऱ्हाड त्याआधी सासवडला असायचे. हा वाडा उभा राहिला आणि सरदार, सावकार, कारकून, कारागीर त्याच्या आसऱ्याने वसत गेले. राज्याची गादी साताऱ्याला छत्रपतींची होती, तरी कारभार इथून चालू लागला.

साताऱ्याच्या या थोरपणाभोवती दोन आख्यायिका फिरतात. वाड्याचा मोठा दरवाजा उत्तरेला, दिल्लीच्या दिशेला तोंड करून आहे हे शाहू महाराजांना रुचले नव्हते, ही एक. दुसरी अशी की, संपूर्ण दगडी इमारत बांधण्याचा मान छत्रपतींचा, तो पेशव्याने घेऊ नये अशी तक्रार गेली, म्हणून खालचा भाग दगडाचा आणि वरचे मजले विटा-लाकडाचे झाले. आख्यायिकेला पुरावा मागू नये. पण वाडा खरोखरच तसा बांधला गेला होता, आणि पुढे आग लागली तेव्हा काय जळावे आणि काय राहावे हे त्या बांधणीनेच ठरवले.

दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि जांभूळ दरवाजा असे पाच दरवाजे आणि नऊ बुरूज. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लोखंडी सुळे. आत चौकामागून चौक. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ साली, गणपती रंगमहाल उठला. त्याच नानासाहेबांनी पुण्याला दिलेली सर्वांत मोलाची वस्तू मात्र वाड्याच्या तटाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आहे.

शहर वाढत होते. नदी जवळ असली तरी उन्हाळ्यात ती रोडावायची आणि आड-विहिरी पुऱ्या पडत नसत. नानासाहेबांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला बांध घालून तळे करवले आणि तिथून शहरापर्यंत बंदिस्त नळ काढला. ‘नळ’ म्हटल्यावर आज डोळ्यांपुढे येणारी लोखंडी नळी ती ही नव्हे. हा दगडचुन्यात बांधलेला, वरून झाकलेला पाट. काही ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा. तळे उंचावर आणि शहर खोलात, तेव्हा मोट नाही, रहाट नाही, बैल नाही, पाणी आपल्याच ओढीने आठ-दहा किलोमीटर चालत येई. वाटेत ठिकठिकाणी उघडी तोंडे ठेवलेली असत. त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे आणि नळ साफ करायला माणूस तिथूनच आत उतरे. गाळ बसायला मध्ये हौद. गाळ खाली राही आणि निवळ पाणी पुढे जाई. पाणी श्वास घेते आहे अशा कल्पनेने ज्याने ‘उच्छ्वास’ हा शब्द योजला, त्याला पाण्याचे वागणे चांगले ठाऊक असणार.

ही विद्या दख्खनला नवी नव्हती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आजच्या संभाजीनगरला नहर आणली आणि त्याच पद्धतीच्या पाण्यावर तिथली पाणचक्की फिरली. बेळगावकरांना त्याहून जवळचे उदाहरण विजापूरचे. आदिलशहांनी तोरवीहून आणि बेगम तलावातून शहराला पाणी दिले. वाटेवरचे त्यांचे पाण्याचे मनोरे, ज्यांना तिकडे गंज म्हणतात, अजून उभे आहेत. नळातला दाब फार वाढून तो फुटू नये म्हणून ते बांधलेले. बेळगावचा मुलूख बराच काळ आदिलशाहीत होता. दख्खनच्या गवंड्यांच्या हातात ही जाण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती आणि नानासाहेबांच्या नळामागे ती उभी होती, असे मानायला हरकत नाही.

कात्रजचे पाणी वाड्यात गेले, हे खरे. पण ते रस्त्यावरच्या हौदांतही पडले. नळ शहरात शिरल्यावर पेठापेठांत हौद बांधले गेले आणि तिथे घागरी घेऊन येणाऱ्या बायका, भिस्ती, वाटसरू सगळ्यांना पाणी मिळू लागले. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावे पुण्याच्या बोलण्यात अजून आहेत. पुढे नाना फडणविसांनी, रास्त्यांनीही आपापले नळ शहरात आणले. पेशवाईवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. या हौदांपुढे मात्र हात जोडावेत.

आता कारंज्याकडे.

सवाई माधवरावाचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला. बाप नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ला, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांच्या तलवारींनी मारला गेला होता. मूल जन्मले तेव्हा विधवा आई गंगाबाई गडाच्या तटाआड जीव सांभाळून होती. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि कारभार बारभाईंच्या, म्हणजे शेवटी नाना फडणविसांच्या हाती आला. पुढे हे पोर वाड्यात वाढले. जिथे बाप मारला गेला त्याच वाड्यात. त्याच्याभोवती पहारे, शिक्षक, कारकून आणि नानांची करडी नजर. त्याला प्राण्यांची फार आवड. पर्वतीच्या पायथ्याशी त्याच्यासाठी शिकारखाना होता, त्यात वाघ-सिंह आणि गेंडाही होता.

हजारी कारंजे याच बालपेशव्याच्या करमणुकीसाठी केले, असे सांगतात. गोल हौदात सोळा पाकळ्यांचे कमळ, पाकळ्यांच्या कडांना आणि मधल्या गाभ्यात तोट्यांची छिद्रे. तोट्या खरोखर हजार नाहीत. ‘हजारी’ हा मराठीचा मोजण्याचा जुना दिलदारपणा, जसा हजारी मोगरा. फुलाला खूप पाकळ्या असल्या की तो हजारी, आणि फुलासारख्या कारंज्याला खूप धारा असल्या की तेही हजारी.

धार उडते कशी, हे त्या काळच्या कारागिराला कागदावर मांडता आले नसेल, पण हाताने पक्के माहीत होते. पाणी जितक्या उंचीवरून बंद वाटेने येईल, तितक्याच उंचीवर परत चढायला ते धडपडते. वाटेत घासून थोडा जोर जातो, तेवढे ते कमी चढते. मोठ्या नळातले पाणी बारीक तोटीत कोंडले की त्याला वेग येतो. मात्र एकाच हौदात इतक्या तोट्या सारख्या उंचीने उडवायच्या तर प्रत्येकीला सारखा दाब पोचला पाहिजे. एक छिद्र जरा मोठे झाले तर शेजारच्या चार धारा मलूल होतात. सोळा पाकळ्यांचा मेळ राखणे हे सतारीच्या तारा जुळवण्यासारखे काम आहे, आणि ते दगडात करायचे.

त्याआधीच्या शतकातल्या युरोपातल्या कारंज्यांशी याची तुलना करून पाहावी. फ्रान्सच्या राजाने व्हर्सायच्या बागेत इतकी कारंजी केली की सगळ्यांना एकदम पुरेल एवढे पाणीच नव्हते. राजा फिरायला निघाला की शिट्ट्यांची खूण व्हायची. राजा यायच्या आधी पुढचे कारंजे सुरू, राजा गेला की मागचे बंद. त्या पाण्यासाठी सीन नदीवर मार्लीला चौदा मोठ्या चाकांचे यंत्र बसवले होते. पुण्याचे कारंजे त्यापुढे लहान. पण त्याचे पाणी डोंगराच्या उताराने येत होते आणि वाटेतल्या पेठांना पाजून येत होते, हा फरक लहान नाही.

सवाई माधवरावाच्या कारकिर्दीत वाडा आपल्या भरात होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात राहत होता. टिपूविरुद्ध १७९०चा तह याच दरबारात झाला आणि त्या प्रसंगाचे चित्र थॉमस डॅनियलने पुढे १८०५ साली पुरे केले. त्यासाठीची रेखाटने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याची होती. वेल्सने पेशव्याची आणि नानांची चित्रे समोर बसवून काढली. मॅलेटच्या खटपटीने वाड्यात एक चित्रशाळाही निघाली आणि तिथे शिकलेल्या गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. पाश्चात्त्य पद्धतीने चित्र काढणाऱ्या पहिल्या मराठी हातांपैकी एक या तटाआड तयार झाला. खुनाच्या गोष्टीत ही चित्रशाळा कायम झाकून जाते, याचे वाईट वाटते.

मार्च १७९५मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला. मराठ्यांचे सगळे सरदार एका निशाणाखाली लढले ती ही शेवटची मोठी लढाई. तरुण पेशवा विजयी होऊन परतला. सातच महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, तो वाड्याच्या वरच्या भागातून खाली पडला. मांडी मोडली, अंगाला जबर जखमा झाल्या. ग्रँट डफ आपल्या इतिहासात लिहितो की पेशव्याने जाणूनबुजून उडी घेतली आणि खाली कारंज्याच्या नळीवर पडल्याने तो फार जखमी झाला. ते कारंजे हजारीच, असे परंपरा सांगते. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, एकविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

उडी की अपघात, यावर मराठी इतिहासकारांनी शंभर वर्षे वाद घातला. त्याला ताप होता, तापाच्या भरात तोल गेला, असे म्हणणारा पक्ष आहे. नानांच्या दाबाला आणि बापाचा चुलतभाऊ असलेल्या दुसऱ्या बाजीरावाशी पत्रव्यवहार उघडा पडल्यावर झालेल्या कानउघाडणीला तो कंटाळला होता, असे म्हणणारा दुसरा. नानांनी त्याला क्रूरपणे वागवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नानांच्या दृष्टीने तो मुलगा म्हणजे राज्य होते आणि राज्य सांभाळतात तसेच त्यांनी त्याला सांभाळले. पण ज्याच्या जन्माआधी बाप मारला गेला, ज्याची आई तो तीन-चार वर्षांचा असताना गेली, त्या पोराला सांभाळणारे माणूस हवे होते. त्याच्या हौसेसाठी केलेले कारंजे त्याच्या मरणाच्या हकिगतीत यावे, हे वाचताना आजही मन आत कुठेतरी थांबते.

यापुढची वीस वर्षे भराभर सांगावी, कारण ती घसरणीची आहेत. दुसरा बाजीराव पेशवा झाला. त्याचे मन शनिवारवाड्यात रमले नाही. शुक्रवारात आणि विश्रामबागेत त्याने नवे वाडे बांधले आणि थोरला वाडा हळूहळू मागे पडला. याच काळात सीमाभागातले एक नाव पुण्याच्या कागदांत वारंवार दिसते, ते म्हणजे निपाणीकर सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, अर्थात अप्पा देसाई. १८०३ साली आर्थर वेलस्लीच्या मोहिमेत पेशव्यांच्या बाजूने जी घोडदळे होती, त्यांत बापू गोखल्यांबरोबर यांचे पथक होते. चिकोडी-मनोळीच्या मुलुखावरून कोल्हापूरकरांशी त्यांचे वैर धुमसत राहिले. इंग्रजांशी झालेल्या शेवटच्या युद्धात ते मनापासून लढले नाहीत आणि युद्ध संपल्यावर चिकोडी-मनोळी इंग्रजांनी कोल्हापूरकरांना देऊन टाकली. बक्षीस कुणाला आणि दंड कुणाला, हे सगळे कंपनीच्या हिशेबाने ठरले.

५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली. १६ तारखेच्या रात्री बाजीरावाने पुणे सोडले आणि १७ नोव्हेंबरला बाळाजीपंत नातूने शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले. बेळगावचा किल्ला त्यानंतरही चार-पाच महिने पेशव्यांच्या नावाने उभा होता. थॉमस मन्रोने मार्च १८१८मध्ये त्याला वेढा घातला. एकवीस दिवस तोफा चालल्यावर १० एप्रिलला किल्ला खाली झाला. पुण्यातल्या वाड्यावरचे भगवे निशाण उतरल्यावरही बेळगावच्या खंदकाआड ते फडकत होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येते.

वाड्यात मग इंग्रज कलेक्टर राहायला आला. पुढे तिथे तुरुंग होता, दवाखाना होता, वेड्यांसाठी खोल्या होत्या. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. जुन्नरचे सागवान, नक्षीचे खांब, रंगवलेली तख्तपोशी, गणपती रंगमहाल, सगळे गेले. तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि जमिनीलगतचे दगडी काम उरले. छप्पर आणि भिंती ढासळून हौदांवर, कारंज्यांवर मातीचा थर बसला. वर पोलिसांच्या बराकी उठल्या. जवळजवळ नव्वद वर्षे ते दगडी कमळ आणि त्याभोवतीचे चौक अशा ढिगाऱ्याच्या जगात राहिले.

लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ साली, प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याखाली १७ जून १९१९ रोजी शनिवारवाडा संरक्षित स्मारक ठरला. बराकी हलवल्या गेल्या आणि पुढची तीन-चार वर्षे पुरातत्त्व खात्याने आतली माती उपसली. जोत्यांवर जोती उघडी पडत गेली. इथे दालन, इथे चौक, इथे पाण्याची पन्हळ. त्यात हौद निघाले, कारंजी निघाली. द. ब. पारसनिसांचे जुन्या पुण्यावरचे इंग्रजी पुस्तक याच सुमारास, १९२१ला आले. शहराला आपल्या पोटात काय पुरले आहे याची पुन्हा जाणीव होण्याचे ते दिवस होते.

वाड्यापुढचे पटांगण तर कधी पुरले गेलेच नाही. तिथे पुण्यातल्या मोठ्या सभा होत आल्या. ६ फेब्रुवारी १९५६ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यानंतर दिल्ली दरवाजाच्या साक्षीने जे आवाज घुमले त्यांत बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे पुन्हा पुन्हा आली. सीमाभागातल्या जुन्या पिढीला शनिवारवाडा आठवतो तो आधी या सभांचे मैदान म्हणून आणि मग पेशव्यांचा वाडा म्हणून. उचगावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. तिथल्या मांडवात पुण्याच्या पाहुण्याचे स्वागत होते तेव्हा ती सगळी ओढ अजून हवेत असते.

संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. शनिवारवाड्याभोवती शनिवार आणि कसबा पेठेत दाटीने घरे आहेत. कित्येक जुने वाडे टेकू देऊन उभे आहेत. त्यात पिढ्यांपासून राहणाऱ्या कुटुंबांना ते पाडून बांधता येत नाहीत आणि डागडुजीसाठीही कागदांच्या फेऱ्या घालाव्या लागतात. पेशव्यांचा वाडा जपायचा तो त्याच्या शेजाऱ्यांच्या वाड्यांचे छत गळत ठेवून नव्हे. स्मारकाचे तट आणि माणसांची घरे दोन्ही सांभाळणारा नियम करणे कठीण असेल, अशक्य नाही.

आज तिकीट काढून दिल्ली दरवाजातून आत गेले की हिरवळ लागते, जोती लागतात आणि मग ते कमळ. बहुतेक वेळा कोरडे. दिवाळीच्या सुटीनंतर शाळांच्या सहली येतात. बेळगाव-निपाणीकडच्या मुलांच्या बोलण्यातला हेल लगेच ओळखू येतो. मुले कठड्याला रेलून पाकळ्या मोजतात, कुणाच्या चौदा भरतात, कुणाच्या सतरा, आणि सर पुन्हा मोजायला लावतात.

परतीची गाडी त्याच रस्त्याने कात्रजकडे चढते. नानासाहेबांचे तळे आता महापालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या हद्दीत आहे. सवाई माधवरावाच्या शिकारखान्यासारखे वाघ-सिंह तिथे आहेत. जुना बांध आहे आणि पावसाळ्यात त्याला अजूनही पाणी भिडते.